दारूची लंका आणि नगराची संमति

दसरा-दिवाळी जवळ आली कीं आमच्या अमरावतींत आणि शेजारच्या अकोल्यांत एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. मैदानांत सार्वजनिक दारूकाम व्हावें कीं नाहीं, व्हावें तर कोणत्या मैदानांत, किती वाजेपर्यंत, आणि त्यास परवानगी कोणीं द्यावी, हा तो वाद. एक पक्ष म्हणतो, सणाचा आनंद ही कचेरींत अर्ज करून मिळवावयाची वस्तु नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, धुरानें आणि आवाजानें रोगी, म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें हैराण होतात, सबब हा सारा प्रकारच बंद करावा. दोन्ही पक्ष 'परवानगी' या शब्दाकडे सारख्याच तुच्छतेनें पाहतात. पहिल्यास ती अडवणूक वाटते, दुसऱ्यास ती पळवाट वाटते. प्रस्तुत लेखकाचें मत थोडें निराळें आहे. दारूकामास संमति देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नगराकडे असणें, ही गोष्ट आपल्या लोकांस फार उशिरां आणि बरीच किंमत मोजून लाभली आहे, असें इतिहास चाळला असतां दिसून येतें. तें कसें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आरंभीं एका समजुतीचा निकाल लावला पाहिजे. दिवाळींतील दारूकाम हें दिवाळीइतकेंच प्राचीन आहे असें पुष्कळांस वाटतें. शुक्रनीतींतील अग्निचूर्णाच्या उल्लेखावरून आपल्या पूर्वजांस तोफेची दारू फार पुरातन काळापासून ठाऊक होती, असें मतही एकेकाळीं लोकप्रिय होतें. परंतु त्या ग्रंथाचा तो भाग बराच अलीकडचा आहे असें विद्वानांनीं दाखविल्यावर हा आधार राहिला नाहीं. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची कृति प्रथम चीनमध्यें इ. स. १०४४ च्या सुमाराच्या एका युद्धशास्त्रावरील ग्रंथांत लिहिलेली सांपडते. आपल्याकडे शोभेच्या दारूचे भरंवशाचे उल्लेख पंधराव्या शतकापासून मिळूं लागतात. इराणचा वकील अब्दुर रझाक १४४३ सालीं विजयनगरास होता. त्यानें तेथील महानवमीच्या उत्सवांतील दारूकामाची नोंद करून ठेविली आहे. या विषयाचा साक्षेपानें शोध घेणारे पहिले पंडित म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे. त्यांचा १४०० ते १९०० या कालांतील हिंदुस्थानांतल्या दारूकामाच्या इतिहासावरील निबंध १९५३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजही या विषयाकडे वळणाऱ्यास प्रथम त्यांच्याच दाराशीं जावें लागतें.

मराठी वाङ्मयांत हा विषय किती लौकर शिरला याचें एक गोड उदाहरण गोड्यांनीं दाखविलें आहे. एकनाथांनीं रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ त, म्हणजे १५७१ सालीं, काशीस पूर्ण केलें. त्यांतील श्रीकृष्णाच्या लग्नसोहळ्यांत नाथांनीं दारूकामही घातलें आहे. द्वापरयुगांत तोफेची दारू कोठून आली, असा प्रश्न नाथांच्या श्रोत्यांस पडला नाहीं. कारण त्या काळच्या कोणत्याही थोर घरच्या लग्नांत ती असेच. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणीं पडली होती कीं देवाचें लग्नही तिच्यावांचून शोभेना. पुढें पेशवाईंत तर तिचा मोठाच विस्तार झाला. हातनळे, कोठ्यांचे नळे, हवया, फुलबाज्या, नारळी झाडें, बादलगर्ज अशीं नांवें त्या काळच्या वर्णनांतून येतात. नुसतीं नांवें वाचलीं तरी तो थाट डोळ्यांपुढें उभा राहतो.

या सर्वांत मुकुटमणि म्हणावा असा प्रसंग पेशव्यांच्या बखरींत आहे. महादजी शिंदे १७९२ सालीं उत्तरेंतून पुण्यास आले, आणि १७९४ च्या फेब्रुवारींत वानवडीस वारले. मधल्या काळांत केव्हां तरी, बखरकार सांगतो, त्यांनीं सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीची हकीकत ऐकविली. कोट्याचा राजा नगराबाहेर 'दारूची लंका' करवितो. मध्यें रावण, भोंवतीं राक्षस आणि वानर, हे सारे दारूचे घडविलेले. मारुतीच्या शेपटास बत्ती दिली कीं तो उसळून लंकेचीं घरें एकामागून एक पेटवीत जातो! अठराएकोणीस वर्षांच्या पेशव्यास हें ऐकून राहवेना. त्यांनीं तसाच देखावा आपणांस दाखविण्याची आज्ञा केली. पंधरा दिवस तयारी चालली, आणि एका काळोख्या रात्रीं पर्वतीच्या पायथ्याशीं लंका जळाली. श्रीमंत आणि त्यांचे सरदार पर्वतीवरून पाहत होते. शहरचे हजारों लोक खालीं उभे राहून पाहत होते. ज्या परिसरांत आज सारसबाग आहे व पुणेंकर मुलाबाळांस घेऊन फिरावयास जातात, तेथेंच हा सोहळा झाला असें समजण्यास हरकत नाहीं.

बखर म्हणजे दप्तर नव्हे हें खरें; तिच्या प्रत्येक वाक्यावर हवाला देतां येत नाहीं. परंतु आपल्या प्रश्नापुरती ती पुरेशी बोलकी आहे. या दारूकामास परवानगी कोणीं दिली? प्रश्नच गैरलागू आहे. श्रीमंतांची इच्छा झाली आणि दारू उडाली. करविणारा, खर्च करणारा आणि संमति देणारा एकच होता. खालीं उभ्या असलेल्या हजारोंकडे एकच काम होतें, मान वर करून पाहणें. एखाद्याच्या गवताच्या छपरावर ठिणगी पडली असती तर त्यानें दाद कोणाकडे मागावयाची होती? ज्याच्या करमणुकीसाठीं लंका जळाली त्याच्याकडेच.

युरोपांतही स्थिति याहून निराळी नव्हती. १७४९ च्या २७ एप्रिल रोजीं लंडनच्या ग्रीन पार्कांत तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ राजानें मोठें दारूकाम करविलें. त्यासाठीं हँडेलनें खास संगीत रचिलें, सेर्व्हांदोनीनें लांकडी महाल उभारिला. आणि ऐन समारंभांत त्या महालाच्याच एका बाजूनें पेट घेतला. एकवीस वर्षांनीं, १७७० च्या ३० मे रोजीं, फ्रान्सच्या युवराजाच्या विवाहानिमित्त पॅरिसमध्यें दारूकाम झालें, तेव्हांचा अनर्थ याहून दारुण होता. परत फिरणाऱ्या गर्दीची अरुंद रस्त्यांत चेंगराचेंगरी होऊन १३२ माणसें मेलीं. तीं दारूनें मेलीं नाहींत. इतक्या जमावानें परत कोणत्या वाटेनें जावें, याचा विचार करण्याचें काम कोणाचेंच नव्हतें म्हणून तीं मेलीं. तो युवराज म्हणजे पुढें राज्यक्रांतींत शिरच्छेद झालेला सोळावा लुई.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. वऱ्हाडचा दारूशीं संबंध प्रथम युद्धाचा आहे, शोभेचा नव्हे. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख करतांना तेथें सोरा निघतो व त्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, असें अबुल फजलनें नमूद केलें आहे. आकोटाजवळच्या नरनाळ्यावर नऊगजी तोफ अजून पडून आहे. १८०३ च्या २९ नोव्हेंबरास अकोलें जिल्ह्यांतील अडगांवच्या रणावर, आणि १५ डिसेंबरास गाविलगडावर, याच दारूनें नागपूरकर भोंसल्यांच्या भाग्याचा निकाल लावला. दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला. पन्नास वर्षांनीं, १८५३ सालीं, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. तेव्हांपासून आमच्या प्रांतांत तोफा थंड झाल्या आणि त्यांची जागा कापसाच्या गांठींनीं घेतली.

ही कापसाची गोष्ट आमच्या विषयास अवांतर वाटेल, पण ती नाहीं. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसास दारूकामाची भीति वाटते ती धुराची आणि आवाजाची. वऱ्हाडच्या माणसास तिसरी एक भीति पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कपाशीची वेंचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. दिवाळीपर्यंत बाजारांत गाड्या लागतात, जिनिंगच्या आवारांत कापसाचे ढीग पडतात, घरोघर कोठ्या भरतात. म्हणजे वर्षांतला सर्वांत ज्वालाग्राही माल आणि वर्षांतला सर्वांत ठिणग्यांचा सण हे दोन्ही आमच्याकडे एकाच पंधरवड्यांत येतात. लहानपणीं दिवाळीस आम्ही अकोलें जिल्ह्यांत आजोळीं जात असूं. आजोबा फुलबाज्या, भुईनळे हवे तितके आणून देत. पण बाण म्हटला कीं आम्हां सर्व पोरांस गांवाबाहेरच्या मोकळ्या पडीत जागेंत घेऊन जात. मीं एकदां हट्ट धरला कीं बाण अंगणांतूनच सोडणार. तेव्हां ते मला जवळ घेऊन म्हणाले, "बाबू, बाण कुठी जाईन हे बाणाले ठाव नसते. सोडनाऱ्याले ठाव पाह्यजे." पुढें कॉलेजांत राज्यशास्त्रावरील मोठमोठे इंग्रजी ग्रंथ वाचले, परंतु शासनसंस्थेच्या कर्तव्याची इतकी नेटकी व्याख्या माझ्या वाचनांत आली नाहीं.

कापसाच्या ओघानें आम्ही १८९७ या सालापाशीं येतों, आणि या सालाची कहाणी थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. त्या वर्षीं मध्यप्रांतांत व देशाच्या अनेक भागांत दुष्काळ होता, पुण्यांत प्लेग होता, आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याचा उत्सव होता. प्लेगकमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमतींत घरोघर झडत्या चालल्या होत्या. लोकांचीं देवघरें आणि बायकामाणसें यांची जी विटंबना झाली तिच्यानें शहर आंतून धुमसत होतें. अशा स्थितींत २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसांत मेजवानी झाली, टेंकड्यांवर जाळ पेटविले गेले, आणि दारूकाम झालें. आज त्या वास्तूंत पुण्याचें विद्यापीठ आहे. मध्यरात्रीनंतर मेजवानीहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनीं आणि आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ३ जुलैस मेला. दामोदर चापेकर पुढील वर्षीं १८ एप्रिलास फांशीं गेले.

या हत्येचें समर्थन किंवा निषेध हा आमचा येथें विषय नाहीं; त्याविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचें लक्ष त्या रात्रीच्या आकाशाकडे आहे. पर्वतीच्या लंकेंत आणि गणेशखिंडींतल्या दारूकामांत एक मोठा फरक होता. पर्वतीखालीं उभे असलेले लोक निदान आपल्या धन्याच्या आनंदांत आपला आनंद मानीत होते. गणेशखिंडीचे बाण ज्या शहरावर उजेड पाडीत होते, त्या शहरांत माणसें मरत होतीं. यंदा दारूकाम करावें काय, असें त्या शहरास कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर शहरानें काय उत्तर दिलें असतें हें सांगण्यास ज्योतिषी नको. दारूकामास लोकांची संमति लागते ही कल्पना तेव्हांच्या सरकारच्या स्वप्नांतही नव्हती; कारण राज्यासच लोकांची संमति लागत नव्हती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेची बैठक आमच्या अमरावतीस भरली. अध्यक्ष चेट्टूर शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक तेव्हां राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगांत होते. सुरेंद्रनाथ बानर्जींनीं टिळकांविषयीं कळवळून उद्गार काढले तेव्हां मंडप हेलावून गेला. गणेशखिंडीच्या रात्रीचे पडसाद असे सुमारें सहा महिन्यांनीं वऱ्हाडांत उमटले. राज्यकारभारांत लोकप्रतिनिधींचा शब्द चालावा, अशी या सभेची मागणी होती. नगरांतल्या एका मैदानावर कोणत्या रात्रीं काय व्हावें, हें ठरविण्याचा अधिकार त्या मोठ्या मागणीचेंच एक लहान मूल आहे, असें मला वाटतें.

आणि त्याच १८९७ सालीं वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट झाली, जिची कोणी सहसा आठवण काढीत नाहीं. वऱ्हाडचा कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा त्याच वर्षीं झाला. हिंदुस्थानांत नियंत्रित बाजाराची पद्धति रुजली ती या कायद्यानें. कारंज्याच्या बाजारांत तिचा प्रयोग १८८६ पासूनच सुरू झाला होता. या कायद्याचें मर्म सोपें होतें. कापसाचा व्यापार बंद करावयाचा नाहीं, आणि वाटेल त्यानें वाटेल तेथें वाटेल त्या मापानें करावा असा मोकळाही सोडावयाचा नाहीं. त्यास एक ठरलेली जागा द्यावयाची, वजनें-मापें तपासावयाचीं, आणि देखरेखीस एक समिति नेमावयाची. कायदा इंग्रजांनीं आपल्या गिरण्यांच्या सोयीसाठीं केला, हें खरें. पण बंदी आणि मोकाटपणा यांच्यामध्यें तिसरा एक रस्ता असतो, हें वऱ्हाडास त्यानें शिकविलें. दारूकामाचा प्रश्नही त्याच तिसऱ्या रस्त्यानें सुटण्यासारखा आहे.

सरकारचे दारूविषयक कायदे वेगळ्या वाटेनें आले. स्फोटक द्रव्यांचा मूळ कायदा १८८४ चा. त्याची अंमलबजावणी पाहणारें खातें १८९८ सालीं स्थापन झालें, आणि त्याचें मुख्य ठाणें आज आमच्या विदर्भांतच, नागपुरास आहे. शिवकाशीचे फटाके असोत कीं आणखी कोठले, त्यांच्या परवान्यांचीं सूत्रें नागपुरांतून हलतात, हें आमच्याकडच्या फार थोड्यांस ठाऊक असेल. वऱ्हाडची कायद्यांतली जागा मात्र बराच काळ विचित्र होती. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप येथें लागू होत नसत, ते स्वतंत्र जाहीरनाम्यांनीं लागू करावे लागत. हा घोळ निस्तरण्यासाठीं १९४१ सालीं वऱ्हाडपुरता एक स्वतंत्र कायदाच करावा लागला. नगरांचा कारभार प्रथम १८८६ च्या वऱ्हाड म्युनिसिपल कायद्याखालीं आणि पुढें १९२२ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायद्याखालीं चाले. अमरावतीची महानगरपालिका १९८३ सालीं झाली, अकोल्याची २००१ सालीं.

अलीकडच्या काळांत या विषयास न्यायालयांनीं निराळें वळण दिलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत आवाजाच्या फटाक्यांस मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालांत सरसकट बंदीची मागणी नाकारून दिवाळीस रात्रीं आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, आणि हिरवा रंग देणाऱ्या बेरियमच्या क्षारांस बंदी केली. त्याच निकालांत एक सूचना आहे, तिच्याकडे वर्तमानपत्रांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. घरोघर, गल्लोगल्लीं दारू उडविण्याऐवजीं आधीं ठरविलेल्या आणि जाहीर केलेल्या जागीं सर्वांनीं मिळून ती उडवावी, आणि दिल्लीखेरीज इतर शहरांच्या अधिकाऱ्यांनींही अशा जागा शोधाव्या, असें न्यायालयानें सांगितलें. हा १८९७ च्या कापूसबाजाराचाच मार्ग होय. आणि माझ्या आजोबांच्या पडीत जागेचाही.

पण नुसता कागद पुरेसा नसतो, हें एका भयंकर उदाहरणानें स्पष्ट झालें आहे. केरळांत कोल्लम जिल्ह्यांतील परवूर येथें पुट्टिंगल देवीच्या मंदिरांत चढाओढीचें दारूकाम होत असे. २०१६ सालीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यास परवानगी नाकारली. तरीही १० एप्रिलच्या पहाटे तें झालें. ठिणगी दारूच्या सांठ्यावर पडली, आणि शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेथें परवानगी मागितली गेली होती, नाकारलीही गेली होती. नव्हती ती इतकीच गोष्ट, कीं तो नकार आपलाच आहे असें लोकांस वाटलें नाहीं. वरून आलेली अडचण म्हणून लोकांनीं त्याच्याकडे पाहिलें, आणि अडचण बाजूस सारावयाची असते तशी ती सारली. पॅरिसमध्यें विचार करणारा कोणी नव्हता. परवूरला विचार करणारा होता, पण त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. फळ एकच.

यावरून मला जें वाटतें तें थोडक्यांत सांगतों. सार्वजनिक दारूकामाच्या परवानगीचा निर्णय चार बंद दारांआड होऊं नये. जिल्हाधिकारी, पोलीस आणि अग्निशामक दल यांनीं सुरक्षिततेचा विचार करावा, तो त्यांचा धर्मच आहे. परंतु यंदा दारूकाम करावें काय, कोणत्या मैदानांत, कोणाच्या पैशानें, हें लोकांनीं निवडून दिलेल्या सभेंत उघडपणें ठरावें, आणि त्याचीं कारणें लोकांस कळावीं. २०२२ पासून कांहीं वर्षें अमरावती आणि अकोलें येथील महानगरपालिकांचा कारभार निवडून आलेल्या सभेवांचून, प्रशासकांच्या हातून चालला. अशा काळांत मिळालेली परवानगी कायद्यानें शुद्ध असेलही. पण ती श्रीमंतांच्या आज्ञेच्याच जातीची असते. मैदानाजवळ रुग्णालय आहे काय, कापसाची वखार आहे काय, गर्दीस बाहेर पडण्यास किती वाटा आहेत, पाण्याचा बंब कोठें उभा राहील, हे प्रश्न सभेंत नांवानिशीं विचारले गेले पाहिजेत. आणि ज्या वर्षीं विदर्भांत पिकें बुडून शेतकरी हवालदिल झाला असेल, त्या वर्षीं सभेनें दारूकामास नाहीं म्हणण्याचें धैर्यही दाखविलें पाहिजे. १८९७ च्या जूनांत पुण्यास जें कोणी विचारलें नाहीं, तें आपण आपणांस विचारूं शकतों. ही शक्ति लहान नव्हे.

आनंदाचे प्रकार एकाच सांच्याचे नसतात, हेंही ध्यानांत ठेवावें. विजयादशमीस ठिकठिकाणीं रावणाचा पुतळा दारू ठासून जाळतात. परंतु आमच्याच अकोलें जिल्ह्यांत, पातूर तालुक्यांतील सांगोळा गांवीं, रावणाच्या मूर्तीची पूजा होते. दोन्ही प्रथा एकाच प्रांतांत, एकाच सणास नांदतात, आणि त्यावरून कोणाचें डोकें फुटत नाहीं. जो प्रांत इतका समजूतदार आहे, त्यास वर्षांतून एक रात्र, एक मैदान आणि दोन तास यांविषयीं आपसांत विचार करून ठरवितां येणार नाहीं, असें मला वाटत नाहीं.

पर्वतीची लंका एका माणसाच्या इच्छेनें जळाली. गणेशखिंडीचे बाण शहराची इच्छा धुडकावून उडाले. यापुढें आपल्या मैदानांत जो बाण चढेल तो आपल्या संमतीनें चढावा, आणि जो चढणार नाहीं तोही आपल्याच संमतीनें थांबावा. बाणास आपली वाट ठाऊक नसते. ती सोडणाऱ्यास ठाऊक असली पाहिजे. आणि सोडणारे आतां आपण आहों.